जुन्या रेशमी साड्यांची गोधडी: घड्यांवर चिरलेलं रेशीम टिकेल का?

लिंबोणी

सासूबाईंच्या पाच रेशमी साड्या आणि सासऱ्यांचा एक कद (रेशमी धोतर) माझ्याकडे आलाय. नणंदांनी पैठण्या आधीच नेल्या, तेव्हा हे उरलेलं म्हणायचं. त्यात हिरवी नारायणपेठी नऊवारी आहे, दोन धर्मावरम सहावारी (एक मोरपंखी, एक कुंकवाच्या रंगाची), लग्नातला जांभळा बनारसी शालू, म्हणजे १९६८ सालचा, आणि एक अबोली साडी. अबोलीला त्या ‘सिल्क’ म्हणायच्या, पण मला खात्री वाटत नाही. कद पिवळसर, लाल काठाचा, हळदीच्या डागांसकट.

शालूची अवस्था वाईट आहे. घडी उलगडली की टर्रकन चिरतो आणि चिरा नेमक्या घड्यांच्या रेषेवर. बाकीच्या बऱ्या वाटतात.

मला डबलबेडची गोधडी करायची आहे. मनात असं आहे की सगळ्यांचे सहा-सहा इंचांचे चौकोन कापायचे, मशीनवर जोडायचे, मध्ये पॉलिफिलचा (पॉलिएस्टरच्या कापसाचा) थर, मागे सुती कापड. मुलगी बंगळुरूला असते, तिला द्यायची. पांघरायला द्यायची आहे, भिंतीवर टांगायला नाही. इथे डोंबिवलीत गोधड्या शिवणाऱ्या एका बाईंना विचारलं तर म्हणाल्या, ‘रेशमाला मी हात लावत नाही, ते हातात राहत नाही.’

तर असं रेशीम टिकतं का? काठांची जर ठेवावी की काढावी? धुवायची कशी? आणि माझं साधं घरगुती मशीन चालेल ना? कुणी खरोखर केलं असेल त्यांनी सांगा. फोटो बघून बघून डोळे दुखायला लागलेत, पण पाच वर्षांनी त्या गोधडीचं काय झालं ते कुणीच दाखवत नाही.

गडवाटा

पैठण्या नेल्या आणि शालू ठेवला, नणंदा हुशार आहेत! :)
शालूची जर खरी असेल तर दारावर येणारे जरीवाले वजनावर घेतात. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते आणि वर सोन्याचा मुलामा. ते लोक कापड जाळून चांदी काढतात. गोधडी बाजारात तयार मिळते हो.

टाचणी

गडवाटा, जाळायला सांगताय तुम्ही. बाईंनी शिवायचं विचारलंय.

लिंबोणी, मी मिरजेची. शिवणकाम शिकवण्यात नोकरी गेली आणि निवृत्तीनंतर वाकळी शिवते. सुती तर शिवतेच, पण गेली काही वर्षं लोक रेशीम घेऊन येतात, तुमच्यासारखंच, कपाटं रिकामी झाली की. प्रत्येकीला मी पहिल्यांदा एकच गोष्ट सांगते: जुनं रेशीम टाक्यांवर टिकत नाही, ते खालच्या सुती कापडावर टिकतं. तुमच्या बेतात चौकोनाला चौकोन जोडलाय, म्हणजे ओढ सगळी शिवणीवर येणार. नव्या सुती कापडाला ते चालतं. पन्नास वर्षांच्या रेशमाला मशीनची बारीक टीप घातली की पोस्टाच्या तिकिटांच्या कागदासारखी ओळीने भोकं पडतात, आणि कुणी झोपेत पांघरूण ओढलं की त्या ओळीवर सरळ फाटतं.

म्हणून आधी पाया. एखादी मऊ झालेली सुती साडी किंवा जुनी धोतरं घ्या. सहावारीचे साधारण साडेपाच मीटर धरले तर सव्वादोन-सव्वादोन मीटरचे दोन तुकडे लांबीला लांबी जोडून डबलबेडचा एक थर होतो, वर मीटरभर उरतं. रेशमाचा प्रत्येक तुकडा या पायावर ठेवून टाचायचा आणि पायासकट शिवायचा. मग ओढ पाया घेतो, रेशीम नुसतं वर बसलेलं असतं. नवं कापड पायाला घेणार असाल तर मलमल घ्या, मांजरपाट नको, सुईला जड जातो. आणि कोरं कापड आधी रात्रभर भिजवून, वाळवून, आटवून घ्या. सुती आटतं, रेशीम तेवढं आटत नाही. तसंच शिवलंत तर पहिल्या धुण्यात सगळी गोधडी चुरगळून बसेल. जुन्या धोतराचा फायदा हाच की त्याचं आटणं केव्हाच होऊन गेलेलं असतं.

आता कापड तपासणं. साडी खिडकीशी उजेडासमोर धरा. जिथे विरलीय तिथे जाळी दिसेल. मग दोन्ही अंगठ्यांमध्ये चार बोटं कापड धरून हळू ताणा, एकदा लांबीत आणि एकदा रुंदीत. दोन्ही वेळा बघायचं, कारण पुष्कळदा उभे धागे गेलेले असतात आणि आडवे ठणठणीत असतात. ताणताना करकर ऐकू आलं की ते कापड गोधडीच्या कामाचं नाही. साडी सगळीकडे सारखी झिजत नाही हेही लक्षात ठेवा. खांद्यावरच्या पदराला पिनांची भोकं असतात आणि ऊन लागलेलं असतं, खालचा काठ जमिनीला घासलेला असतो, नऊवारीचा कासोट्याचा भाग बसून बसून विरलेला असतो. सहावारीत सगळ्यात चांगलं कापड मिळतं ते कमरेला पहिल्यांदा खोचतात त्या टोकाकडचं. दिसायला साधं, पण ताजं. मी मोठे तुकडे तिथून काढते.

शालू घड्यांवर का चिरला? वर्षानुवर्षं त्याच रेषेवर घडी, त्यात जरीचं वजन. रेशमाचा धागा त्या एका ठिकाणी मोडत जातो. महिन्या-दोन महिन्यांनी घडी बदलायची असते ती यासाठी. अशा शालूचे सहा इंचांचे चौकोन कापू नका. दोन चिरांमधलं जे कापड ताणायच्या परीक्षेत उतरेल तेवढंच घ्या, पट्ट्याच निघतील. पट्ट्या पायावर बसवा आणि वरून त्याच रंगाची बारीक मऊ नेट घालून कडांनी शिवा. लांबून नेट दिसतसुद्धा नाही.

अबोली साडीचं कोडं सोडवायला पाच मिनिटं लागतात. कडेचा एक धागा काढा, उभा एक आणि आडवा एक वेगवेगळा, आणि चिमट्यात धरून बशीवर जाळा. रेशीम असेल तर केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांनी चुरता येते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. कागद जळल्याचा वास आला तर सूत किंवा रेयॉन.

जर अंगाशी नको. खरी असो की खोटी, मानेला टोचते, आणि शिवताना सुईचा दोरा तिच्यावर घासून तुटतो. पण काढून टाकायचीही नाही. धर्मावरमचे काठ सलग कापून गोधडीच्या पायथ्याशी आणि दोन्ही बाजूंना चौकटीसारखे लावा, उशाकडे लावू नका. काठावर टाके आरपार घालायचे नाहीत, काठाच्या दोन्ही कडांना लगत घालायचे.

दोरा सुती घ्या. पॉलिएस्टरचा दोरा जुन्या रेशमापेक्षा मजबूत असतो, ताण आला की दोरा राहतो आणि कापड कापलं जातं. टाका लांब आणि सैल. सुती वाकळीला आम्ही बोटाबोटावर ओळी घालतो, इथे दोन-तीन बोटांचं अंतर ठेवा. बाहेरच्या कडेपासून सुरुवात करून चौकोनी फेरे घेत आत जायचं. पण त्याआधी सगळे थर जमिनीवर पसरून कच्चे टाके नीट घाला, वीतभर अंतरावर, उभे आणि आडवे. तुमच्या बाई म्हणाल्या ते खरंच आहे, रेशीम सरकतं. कच्च्या टाक्यांत कंटाळा केला तर पोटात फुगा येतो आणि तो काढायला सगळं उसवावं लागतं. टाचण्या अगदी बारीक घ्या आणि शक्यतो मार्जिनमध्येच टोचा, रेशमात पडलेलं भोक बुजत नाही.

मशीन चालेल. सुई नवी, ११ नंबर, टीप मोठी. पण मी म्हणेन की तुकडे पायावर बसवण्यापुरतं मशीन वापरा आणि थर एकत्र करायचं काम हातानेच करा.

पॉलिफिल नको. एक तर फुगीर होतं, दुसरं म्हणजे रेशमाच्या आत ते सरकत राहतं. बंगळुरूच्या हवेला पाया, मध्ये एक जुनी सुती साडी आणि मागे एक सुती साडी एवढं पुरे.

लिंबोणी

टाचणीताई, काय लिहिलंत! प्रिंट काढून मशीनवर चिकटवते.

धागे जाळले. अबोलीचा मणी झाला, दोन्ही धाग्यांचा. सासूबाई आयुष्यभर तिला डांबराच्या गोळ्यांत जपत होत्या. :( घ्यावी का तिला, की वगळू?

ताणायची परीक्षाही केली. दोन्ही धर्मावरम पास, नारायणपेठी तर खणखणीत. शालूच्या निम्म्या भागाची करकर ऐकू आली.

धुण्याचं राहिलं तुमचं.

क्लीव्हलंडकर

टाचणींशी शंभर टक्के सहमत, पाया हवाच. अमेरिकेत रेशमाच्या गोधड्यांची एक मोठी लाट येऊन गेली, त्यातून हाच धडा मिळतो. १८८० च्या दशकात इथे ‘क्रेझी क्विल्ट’ची फॅशन होती: रेशीम, मखमल, रिबिनी यांचे वेडेवाकडे तुकडे आणि प्रत्येक सांध्यावर भरतकाम. १८७६ च्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात लोकांनी जपानी वस्तू पाहिल्या, त्यांचा परिणाम होता असं सांगतात. ते तुकडे एकमेकांना जोडत नसत, खालच्या सुती कापडावर बसवत. आज त्या गोधड्या पाहिल्या तर सुती पाया आणि भरतकाम शाबूत असतं आणि मधले काही रेशमी तुकडे चिंध्या होऊन लोंबत असतात. शेजारचा तुकडा मात्र नवा वाटावा असा.

त्याचं कारण रसायनात आहे. कच्च्या रेशमावर डिंकासारखा थर असतो, सेरिसिन. तो धुऊन काढला की वजन पाव भागाच्या आसपास घटतं. रेशीम वजनावर विकलं जायचं, म्हणून युरोप-अमेरिकेतले गिरणीवाले त्यात कथिलाचे क्षार भरून ते वजन परत आणायचे, पुष्कळदा मूळच्यापेक्षाही जास्त. कापड जड, सळसळतं आणि भारी वाटायचं. तेच क्षार पुढे धागा आतून खात गेले. असं रेशीम पेटीत नुसतं ठेवलं तरी फाटतं, त्यावर काही उपाय नाही. अशा गोधड्या प्रत्यक्ष बघायच्या असतील तर नेब्रास्कातल्या लिंकन गावी गोधड्यांचं मोठं आंतरराष्ट्रीय संग्रहालय आहे. मी तिथे पाहिलेल्या एकदोन गोधड्यांवर संपूर्ण नेट घातलेली होती, टाचणी म्हणतात तशी.

माझी एक भर. मी नवऱ्याच्या जुन्या रेशमी टायांची गोधडी केली. टाय उरेब (तिरका) कापलेला असतो, त्यामुळे उसवून उघडला की रबरासारखा ताणतो. मी प्रत्येक तुकड्याला मागून पातळ फ्यूजिंग (गोंद लावलेलं अस्तर) इस्त्रीने चिकटवलं. कापताना सरकत नाही, कडेचे धागे निघत नाहीत. लिंबोणी, तुम्हीही तेच करा, काम निम्मं होईल.

टाचणी

क्लीव्हलंडकर, टायांना ठीक आहे, तिथे ताण धरायला दुसरा इलाजच नाही. पण साडीला फ्यूजिंग लावायला माझा विरोध आहे. रेशमाचं सगळं सुख ते अंगावर पडतं त्यात आहे. मागून गोंद लावलात की पुठ्ठा होतो, तोही दर धुण्याला जागोजागी सुटून फोड आलेला पुठ्ठा. शिवाय चिकटवायला इस्त्री गरम लागते, आणि विरलेल्या रेशमाला ती झेपत नाही. लिंबोणी, कडेचे धागे निघतात म्हणून घाबरू नका. अर्ध्या इंचाचं मार्जिन ठेवा आणि कापल्या दिवशीच तुकडा पायावर बसवा, चौकोनांची चळत करून आठवडाभर ठेवू नका.

अबोली घ्या की! पॉलिएस्टर असली तरी त्यांनी नेसलेली आहे ना? पण ती रेशमाच्या शेजारी नको, ती कडक, रेशीम मऊ. तिचा गोट करा, चारही कडांना. कड सगळ्यात आधी झिजते आणि पॉलिएस्टर झिजत नाही. पुरून उरेल ती.

आता धुणं. शिवायच्या आधी प्रत्येक साडीचा रंग बघा: पांढरं सुती फडकं ओलं करून पदरावर, काठावर आणि अंगावर वेगवेगळं दाबून धरा. तुमची कुंकवाच्या रंगाची धर्मावरम बहुतेक सोडणार, लाल-मरून सोडतात. रंग सोडला तर ती साडी आधी एकटी, थंड पाण्यात, रिठ्याच्या पाण्याने धुऊन घ्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत. कपडे धुण्याची पावडर रेशमाला लावू नका, त्यातल्या क्षाराने रेशीम मरतं. पिळायचं नाही, पंचात गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरून वाळवायचं. टांगलं तर पाण्याच्या भाराने शालूसारखं फाटेल.

गोधडी तयार झाल्यावर मात्र धुवायची वेळ कमीत कमी यायला हवी. गोधडी मळते कुठे? उशाकडे, केसांच्या तेलाने, आणि हनुवटीपाशी. तिथे हातभर रुंदीची सुती पट्टी दोन्ही बाजूंनी दुमडून कच्च्या टाक्यांनी लावा. मळली की उसवून ती तेवढी धुवायची आणि परत लावायची. आमच्याकडे लग्नातल्या दुलईला असं करतात.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी नको. जुन्या धोतरात गुंडाळून ठेवा, घडीपेक्षा गुंडाळी बरी. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, जर काळी पडते. वेखंड, लवंग, कडुलिंबाचा वाळलेला पाला, काहीही पुरचुंडीत बांधून ठेवा. रेशमाला कसर लागते ती अंधारात न हललेल्या कपड्याला. वापरात असलेल्या गोधडीला सहसा लागत नाही, म्हणून मुलीला सांगा, वापर.

बेळगावी कुंदा

चौकोनी फेऱ्यांवरून आठवलं. आमच्याकडे कौदी म्हणतात, आणि यल्लापूर-हल्याळ-मुंडगोड भागातल्या सिद्दी बायका कवंदी शिवतात, मूळच्या आफ्रिकेतून आलेल्या समाजाच्या. त्याही बाहेरून सुरू करून फेरे घेत मध्यावर संपवतात. आणि चारी कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी चिंध्यांचं फूल लावतात. त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं धरत नाहीत. त्यांच्या तुकड्यांना मापच नसतं. हाताला लागेल तो तुकडा, कड आत दुमडायची आणि पुढे चालायचं. लिंबोणी, सहा इंचांचा हट्ट सोडलात तर शालूतलं बरंचसं कापड वाचेल.

एक शंका. कद म्हणजे सोवळ्यातला ना? तो पांघरायचा? आमची आजी असती तर मला घराबाहेर उभं केलं असतं.

लिंबोणी

कुंदा, सासऱ्यांनीच शेवटी शेवटी तो कद थंडीत खांद्यावर घ्यायला सुरुवात केली होती, तेव्हा सोवळं केव्हाच मोडलंय. :D

मापाचं पटलं. आता असं ठरवतेय: पायाला माझ्याच दोन जुन्या सुती साड्या. दोन्ही धर्मावरमचं साधं अंग मोठ्या तुकड्यांत मधोमध, शालूच्या पट्ट्या नेटखाली मध्ये मध्ये, काठ बाजूंना, अबोलीचा गोट. टाके हातानेच, दोन जावा मदतीला येतो म्हणाल्यात.

प्रश्न दोन उरले. नारायणपेठी पण कापू का? मोठी आहे, बरंच कापड मिळेल. आणि कदाच्या हळदीच्या डागांचं काय करू?

टाचणी

नारायणपेठीला कात्री लावू नका. खणखणीत आहे म्हणालात ना? मग ती साडी आहे, गोधडीचं कापड नाही. मुलीला नेसायला द्या, नाही तर फॉल-बिल न लावता घडी बदलत ठेवा. एकाच वेळी सगळं कपाट गोधडीत घालायची लोकांना फार घाई असते. माझ्याकडे येतात, धडधाकट साड्या घेऊन येतात, मी निम्म्या परत पाठवते.

जावा येतायत ते उत्तम, पण आधी सगळ्यांचे टाके एकदा बघा. एकीचा टाका घट्ट आणि दुसरीचा सैल असला की गोधडी एका बाजूला ओढली जाते. घट्ट हाताच्या जावेला गोट लावायला बसवा, तिथे घट्टच हवा.

कदाचे डाग: हळद उन्हात उडते, पण तेवढं ऊन दिलंत तर रेशीमही जाईल. त्यामुळे डागांसकट घ्या, पिवळ्यावर पिवळं आहे. फक्त त्यांना साबण लावू नका, लाल होतील.